न्हाईतर अप्पा

महिन्यातून एकदा, कुठल्या दिवशी ते कुणालाही न सांगता, आमचे अप्पा ऑफिसातल्या एखाद्या चालू मशीनचा प्लग उपटायचे.

राग नाही, भांडण नाही. डबा खाऊन झाला की रुमालाला हात पुसत ते सर्व्हरच्या खोलीत शिरायचे, कपाटांकडं दोन मिनिटं बघत राहायचे, आणि मनाशी काहीतरी ठरवून एक वायर खसकन ओढायचे. मग साप धरावा तशी ती वायर हातात लांब धरून दारात उभे. चेहरा आमच्यापेक्षा त्यांचाच उतरलेला.

"बघा बघा, काय काय मेलं?"

आम्ही आपापल्या पडद्यांवर तुटून पडायचो. एका मशीननं मान टाकली की दुसऱ्यानं काम उचलायचं, अशी मांडणी त्यांनीच केलेली होती, आणि बहुतेक वेळा काहीच मेलेलं नसायचं. तसं सांगितलं तरी त्यांना आनंद व्हायचा नाही. "ह्या वेळेला न्हाई मेलं," एवढं म्हणून ते प्लग परत लावायचे. कुणी वैतागून विचारलंच, की अप्पा, हे कशासाठी, तर उत्तर ठरलेलं. "जे मरणार हाय ते आपल्या डोळ्यादेखत मरू दे. आपण घरी जेवत असताना मेलं तर कुणाला इचारायचं?"

अप्पा म्हणजे शिवराज हालकुडे, उदगीरचे. वडिलांचं तिथल्या धान्याच्या मोंढ्यात बारदान्याचं दुकान होतं. गळ्यात लिंग, कपाळावर भस्माचे तीन पट्टे, पन्नाशी ओलांडलेली, आणि बोलणं असं की पुण्याहून आलेले सल्लागार पहिली दहा मिनिटं नुसते बघत राहायचे. आमचं ऑफिस नांदेडला. कुठल्या गावाला वीज कुठून द्यायची, कमी पडली तर कुणाची आधी तोडायची आणि कुणाची अजिबात तोडायची नाही, हे ठरवणारं सॉफ्टवेअर आम्ही चालवायचो. त्या सगळ्याची मांडणी अप्पांची. कागदावर त्यांचं पद होतं मुख्य आर्किटेक्ट.

ह्या पदानं त्यांना फार छळलं. उदगीरचा एक चुलतभाऊ एकदा पेढे घेऊन ऑफिसात हजर झाला. तीन खोल्या बांधायच्या होत्या, नकाशा घरातल्याच आर्किटेक्टकडून हवा होता. अप्पांनी त्याला नाही म्हटलं नाही. कागद पुढं ओढला आणि विचारायला सुरुवात केली. पाणी कुठून येणार? न्हाई आलं तर? जिना कुठं? तो पडला तर वरची माणसं उतरणार कशी? भाऊ गेला तेव्हा त्याच्या हातात तीन खोल्यांच्या, दोन जिन्यांच्या घराचा नकाशा होता आणि चेहरा असा, की आता भाड्याच्याच घरात राहावं म्हणतो.

"आणि न्हाई झालं तर?" हा त्यांचा प्रश्न. मीटिंगमध्ये, चहाच्या टपरीवर, लग्नात. लग्नात तर विचारू नका. वधूपित्याला बाजूला घेऊन जनरेटर आहे का, डिझेल आहे का, डिझेल टाकणाऱ्याचं जेवण झालंय का, अशी चौकशी. ऑफिसात सगळे त्यांना पाठीमागं 'न्हाईतर अप्पा' म्हणायचे. त्यांना ते ठाऊक होतं. फार ताण आला की मात्र त्यांचा हा प्रश्न बंद व्हायचा आणि ते स्वतःशीच कानडीत "बेड, बेड" पुटपुटायचे. नको, नको. ते ऐकू आलं की आम्ही खरे घाबरायचो.

मी त्यांच्या हाताखाली तपासणीला होते. त्यांनी मांडायचं, पोरांनी लिहायचं, मी मोडून बघायचं, आणि नाही मोडलं तर खाली 'तपासलं' असं लिहून सही करायची. "सुनीताबाई," ते म्हणायचे, "तुमची सही म्हणजे माझी झोप हाय."

मग तो दुष्काळ आला.

दुष्काळ आमच्या भागाला नवा नाही, पण ते वर्ष वेगळंच होतं. गोदावरीच्या पात्रात पोरं क्रिकेट खेळत होती. लातूरला पाणी आगगाडीनं यायला लागलं. गावोगाव विहिरी आटल्या, आणि जिथं एखादी बोअर जिवंत होती तिथं सगळं गाव तिच्यावर. बोअर म्हणजे पंप, पंप म्हणजे वीज. आणि विजेचीही ओढाताण असल्यामुळं गावं आळीपाळीनं बंद ठेवावी लागायची.

अप्पांनी त्यासाठी आमच्या सॉफ्टवेअरमध्ये एक यादी बांधली होती. तिला ते 'जपायची यादी' म्हणायचे. दवाखाने आणि पाण्याच्या योजना. ह्या यादीतल्या लाइनीला मशीननं काही झालं तरी हात लावायचा नाही. तरीही त्यांचं समाधान नव्हतं. रोज सकाळी आल्याआल्या ते सबस्टेशनांना फोन लावत बसायचे. रेणापूर, किनवट, जळकोट, मुखेड. प्रत्येक ऑपरेटरला नावानं हाक. "पाणी सुटलं का गावाला? सुटलं म्हणजे तुमी बघितलं का कुणी सांगितलं?" समोर भिंतीएवढा पडदा सगळं हिरवं दाखवत असायचा आणि हे पाठ करून फोनवर.

ह्याच दिवसांत नव्या जिल्ह्याची हवा सुटली. उदगीर जिल्हा होणार, किनवट जिल्हा होणार, हे आम्ही लहानपणापासून ऐकत आलोय. पण ह्या वेळी आमच्या मोठ्या साहेबांनी ते मनावर घेतलं. घोषणा झाली की दुसऱ्या दिवशी आपल्या पडद्यावर नवा जिल्हा दिसला पाहिजे, म्हणाले. पाहुणे येणार आहेत, त्यांना दाखवायचंय.

अप्पा खुर्चीत बसूनच राहिले. मग "बेड, बेड."

गोष्ट अशी होती. गावाकडं जाणाऱ्या प्रत्येक लाइनीला एक नंबर असतो, आणि अप्पांनी फार पूर्वी ठरवलं होतं की नंबराची सुरुवात जिल्ह्याच्या आकड्यानं करायची. जगातल्या प्रत्येक वस्तूवर संशय घेणाऱ्या ह्या माणसानं जिल्ह्यावर तेवढा घेतला नव्हता. "मी शाळेत असताना उस्मानाबादमधून लातूर वेगळं झालं," मला म्हणाले. "शाळेत पेढे वाटले. मला वाटलं, झालं एकदा, आता आमच्या हयातीत परत कशाला व्हतंय?"

त्यांनी दोन महिने मागितले. साहेबांनी आठ दिवस दिले. अप्पांनी वेगळ्या मशीनवर सगळ्याची नक्कल केली, नवे नंबर तिथं बसवले, आणि सगळ्यांना बजावलं की घोषणा झाल्याशिवाय, आणि मी असल्याशिवाय, हे खऱ्या मशीनवर चढवायचं नाही. मग ते दोन दिवस लातूरला गेले. आगगाडीतलं पाणी उतरवून घेणाऱ्या पंपांची वीज त्यांना स्वतः उभं राहून बघायची होती.

ते गेले आणि साहेब माझ्या टेबलाशी आले. पाहुणे उद्याच येत होते. नकलेवरचा नकाशा मेलेला दिसतो, आकडे हलत नाहीत, खऱ्यावर चढवा, म्हणाले.

"अप्पा आल्यावर..." मी म्हटलं.

"अप्पांना विचारलं तर ते काय म्हणणार तुम्हाला माहितीय. तुमची तपासणी झालीय ना?"

झाली होती. माझ्या तक्त्यातली प्रत्येक ओळ मी तपासली होती. मी सही केली आणि नवे नंबर खऱ्या मशीनवर चढले. पाहुणे आले, पडद्यासमोर उभं राहून फोटो काढले, पोहे खाल्ले, एकानं एसी वाढवता येईल का विचारलं, आणि गेले. नवा जिल्हा काही झाला नाही. अजून झालेला नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी अप्पा परत आले आणि पिशवी खांद्यावरून न उतरवताच त्यांनी फोन उचलला. जळकोटच्या ऑपरेटरचा आवाज मला माझ्या जागेवर ऐकू आला.

"तळवाडीला कुठलं पाणी अप्पा? दोन दिवस झाले, बरोबर पाण्याच्या टायमाला लाइन बंद. तुमीच नांदेडहून बंद करून राहिले की. मला वाटलं तुमचा हुकूम हाय."

अप्पांनी पडद्याकडं पाहिलं. सगळं हिरवं. त्यांनी जपायची यादी उघडली. यादी तशीच होती, आणि तीच अडचण होती. लाइनींचे नंबर नवे झाले होते आणि यादीत जुनेच राहिले होते. मशीन जुने नंबर शोधत होतं, ते सापडत नव्हते, आणि काही न बोलता पुढं जात होतं. ते कुरकुरलं असतं तरी चाललं असतं. नव्या जिल्ह्यात धरलेली सात गावं यादीतून गळली होती आणि बाकीच्या गावांसारखी आळीपाळीनं बंद होत होती. सहा गावांना टँकर तरी जात होता. तळवाडीला त्या एका बोअरशिवाय काही नव्हतं.

दुरुस्ती दहा मिनिटांत झाली.

"अप्पा, सही माझी आहे," मी म्हटलं. "मी 'तपासलं' लिहिलंय."

"काय तपासायचं त्याचा तक्ता कुणी केला?"

"तुम्ही."

"त्यात यादी होती का?"

"नव्हती."

"मग?" ते उठले. "गफारभाईला गाडी काढायला सांगा. तळवाडीला जायचंय."

"अप्पा, वीज तर आता चालू झाली. जाऊन काय करणार?"

"ते तिथं गेल्यावर कळंल."

गफारभाई आमचे ड्रायव्हर. कंधारच्या पुढं रस्ता नावापुरता उरला आणि अप्पांची चौकशी सुरू झाली. स्टेपनी हाय का? हाय. तीच पंक्चर असली तर?

"तर तुमी उतरून ढकला साहेब, और क्या," गफारभाई म्हणाले. एरवी मी हसले असते. अप्पाही हसले नाहीत. खिडकीबाहेर नुसती काळी, भेगाळलेली रानं. त्यांच्या कपाळावरचं भस्म घामानं ओघळून भुवईत उतरलं होतं, ते त्यांनी पुसलं नाही.

गावात शिरलो तर टाकीपाशी घागरींची ओळ. प्रत्येक घागरीच्या गळ्याला वेगवेगळी चिंधी, ओळखायला. माणसं टाकीजवळ नव्हती, पलीकडं पंचायतीच्या ओट्यापाशी जमली होती आणि कुणावर तरी ओरडत होती.

ती पार्वतीबाई. साठीच्या आसपासची, काटकुळी बाई. तिचा नवरा गावचा पंप चालवायचा. तो गेल्यावर काम तिच्याकडं आलेलं. दोन दिवस ती ठरल्या वेळी पंपघरात जात होती, बटण दाबत होती आणि रिकाम्या हातानं परत येत होती. लाइटच नाही, असं ती सांगत होती. पण पंप ओढेल एवढी वीज गावाला त्या वेळेपुरतीच मिळायची; आधी आणि नंतर घरातले दिवे मात्र लागायचे, मग तिचं कोण ऐकणार? कुणी म्हणालं झोपते. कुणी म्हणालं बागायतवाल्याला पाणी विकते. पाण्यासाठी लांबच्या विहिरीवर गेलेली एक सून पायरीवरून घसरली होती, हाताला पट्टी बांधून तीही तिथंच उभी होती. आणि त्या दुपारी पंपघराची किल्ली पार्वतीबाईकडून काढून घ्यायचं चाललं होतं.

अप्पा गर्दीत घुसले. मला वाटलं, हळूच सरपंचाला गाठतील, समजावून सांगतील. त्यांनी ओट्यावर चढून हात जोडले.

"मी नांदेडहून आलोय. ह्या बाईची काही चूक न्हाई. पाण्याच्या टायमाला तुमची लाइन मी बंद केली."

मग मागून एक आवाज, "निवडणूक लागली काय रं?"

"तुमी लाइनमन हाव का?" सरपंचांनी विचारलं.

"न्हाई. लाइट कुणाची जावी, कुणाची राहावी, ते ठरवणारं जे मशीन हाय, त्याची मांडणी मी करतो."

पार्वतीबाईनं त्यांच्याकडं वर बघितलं. "मंग अशी कशी मांडली वो तुमी?"

ज्या माणसानं पुण्याच्या सल्लागारांना तीनतीन तास प्रश्न विचारून घाम फोडला होता, तो त्या एका प्रश्नावर ओट्यावरून खाली उतरून तिच्यासमोर उभा राहिला. माझ्या ओठांवर आलं होतं, सही माझी आहे. पण मी बोलले नाही. हे मी इथं लिहून ठेवते, कारण तिथं बोलले नाही.

"चुकली," ते शेवटी म्हणाले. "मला वाटलं होतं एक गोष्ट कधीच बदलणार न्हाई, म्हणून ती तपासायला सांगितली न्हाई. दोन दिवस ही बाई खरं बोलत होती."

पट्टीवाली सून रडायला लागली. एक म्हातारा अप्पांना बरंच बोलला, अगदी घाण शिव्या, आणि त्यांनी त्या मान खाली घालून घेतल्या. सरपंचांनी किल्ली पार्वतीबाईच्या हातात ठेवली. माफी वगैरे कुणी मागितली नाही तिची. ती किल्ली घेऊन सरळ पंपघराकडं चालायला लागली, आणि अप्पा तिच्या मागं.

पंप चालू झाला. टाकी भरेपर्यंत ते तिथंच उन्हात उभे राहिले, टाकीला कान लावून. निघताना पार्वतीबाईनं विचारलं, "उद्या पुन्हा असंच झालं तर माझं कोण ऐकंल?"

अप्पांनी तिला आपला नंबर दिला. "पाणी टाकीत चढलं की मला मिस्ड कॉल द्यायचा. मिळाला की मी उलटा एक देतो. ज्या दिवशी तुमचा येणार न्हाई त्या दिवशी मी सगळं काम सोडून तुमचं बघतो."

परत आल्यावर त्यांनी उरलेल्या सहा गावांनाही तेच सांगितलं. मग हळूहळू यादीतल्या सगळ्याच गावांत पंपावरच्या माणसाचं नाव आणि नंबर गोळा केला, आणि सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक लाइनीसमोर ते नाव दिसेल अशी सोय केली. साहेब चिडले. एवढी स्वयंचलित यंत्रणा आणि तिला मिस्ड कॉलचं ठिगळ?

"साहेब, यंत्रणा सांगती वीज सोडली," अप्पा म्हणाले. "पाणी चढलं, ते बाईच सांगती."

चौकशी झाली. अप्पांनी लेखी दिलं की मांडणी माझी, तक्ता माझा, जबाबदारी माझी. साहेबांचा हुकूम आणि माझी सही, दोन्हीचा त्यात उल्लेख नव्हता. त्या वर्षी त्यांची बढती गेली. मी त्यांच्याकडं जाऊन रडले तर ते घाबरेच झाले, "बेड, बेड, बाई," करत उठून पाणी आणायला गेले आणि बराच वेळ परत आले नाहीत.

पुढच्या वर्षी पाणी झालं. विहिरी भरल्या, टँकर बंद झाले, गावांचे सकाळचे मिस्ड कॉलही एकेक करून थांबत गेले. गरजच उरली नव्हती. अप्पा मात्र सकाळी फोन टेबलावर समोर ठेवून बसायचे. मधूनच उचलून बघायचे, रेंज आहे का.

एका सकाळी ते ऑफिसला आले नाहीत. असं कधी झालं नव्हतं. काही कागदांवर त्यांची सही हवी होती, म्हणून मी त्यांच्या खोलीवर गेले. इतकी वर्षं एकत्र काम करून पहिल्यांदाच. बायको फार पूर्वी वारली होती आणि मुलगी लग्न होऊन गुलबर्ग्याला असते, एवढंच मला ठाऊक होतं. दार नुसतं लोटलेलं. अप्पा कॉटवर, अंगात ताप, दाढी न केलेली. कोपऱ्यात शेगडी, आणि फळीवर एक ताट, एक वाटी, एक पेला.

"अप्पा, कळवायचं तरी!"

"कुणाला त्रास कशाला," ते म्हणाले.

तेवढ्यात उशाशी ठेवलेला फोन वाजला. एकदा वाजून थांबला नाही, वाजतच राहिला. त्यांना उठवेना, म्हणून मी उचलला आणि स्पीकर चालू केला.

"अप्पा?" पलीकडं पार्वतीबाई. "सकाळपासून तीन बार मिस्ड कॉल दिला. तुमचा उलटा आला न्हाई." तळवाडीचा मिस्ड कॉल अजून रोज येत होता, हे मला तेव्हा कळलं.

"पाणी चढलं न्हाई का?" अप्पा कोपरावर उठायला लागले.

"पानी कवाच चढलं. पान्याला काय झालंय आता, लई हाय. तुमचा आला न्हाई म्हनून इचारून राहिले. बरं हाय न्हवं?"

अप्पा परत उशीवर टेकले.

"ताप हाय जरा," मग म्हणाले. हळू आवाजात, एखादं पोर आईला सांगतं तसं.

"जेवलाव का?"

"न्हाई."

"कोन हाय जवळ?"

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. "हायत. आमच्या ऑफिसातल्या बाई."

मग पार्वतीबाईनं मला फोनवरून कामाला लावलं. ज्वारीचं पीठ कुठं असंल बघ, ताक न्हाई तर दही घुसळ, गुठळी होऊ दिऊ नको, मीठ शेवटाला. मी शेगडीपाशी उभी राहून आंबील ढवळत होते आणि ती तळवाडीहून विचारत होती, दाटली का, अजून न्हाई का. एकुलती एक वाटी धुऊन मी ती त्यांच्या हातात दिली.

"ठेवतो आता," अप्पा फोनकडं बघून म्हणाले. "तुमचं काम खोळंबलं असंल."

"खा तुमी," ती म्हणाली. "तुमचं हुईपत्तुर मी हाय हितंच."

फोन त्यांनी कॉटवर, मांडीशेजारी ठेवला. पलीकडून घागर नळाखाली सरकवल्याचा आवाज आला, मग तिच्यात पाणी पडायला लागलं. अप्पा मान खाली घालून सावकाश आंबील प्यायला लागले.